पाऊण किलोचं विमान

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान म्हटलं की लोकांना लूप, रोल असल्या हवेतल्या कोलांट्या दिसतात. खरं सांगू का, या छंदात उडवणं सगळ्यात कमी, बाकी नुसती तयारीच. माझं अ‍ॅरोबॅटिक मॉडेल ईपीपी नावाच्या लवचिक फोमचं, पंख मीटरभर, वजन बॅटरीसकट पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे मंडईतला एक बरा फ्लॉवरचा गड्डा. पण हा गड्डा जोडायला काढला की पंख डायनिंग टेबलवर, कार्बन रॉड सोफ्यावर, सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मिसळणाच्या डब्याशेजारी, आणि घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात.

सर्वो बरोब्बर मधोमध आणताना प्रोपेलर काढून ठेवायचा, यात चर्चा नाही. 3 सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लागली की ब्रशलेस मोटर बोट कुणाचं ते बघत नाही. मग सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं आणि बॅटरी पुढे मागे सरकवत बसायचं, कारण या छंदातली जुनी म्हणच आहे, नाक जड असेल तर विमान वाईट उडतं, शेपूट जड असेल तर एकदाच उडतं. चार्जिंगला तर उठायचीच सोय नाही, सेल 4.2 व्होल्टच्या वर गेला तर आग लागू शकते म्हणून गॅलरीत फरशीवर चार्जर मांडून राखण करायची. आई म्हणते, "दुधावर लक्ष ठेव म्हटलं तर दहा मिनिटं जमत नाही, आणि त्या बॅटरीपाशी तासभर बसतोस!" याला उत्तर नाही.

पुण्यात उडवायचं कुठे, एकीकडे लोहगावचा विमानतळ, दुसरीकडे लष्कराची एनडीए. मग ड्रोनच्या सरकारी नकाशात ग्रीन झोन बघायचा (तिथेही 400 फुटांची मर्यादा) आणि भल्या पहाटे, वारा सुटायच्या आत, सासवडच्या पुढे मित्राचं मोकळं रान गाठायचं. तिथे आधी ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट ऑन, मग विमानाची बॅटरी, बंद करताना बरोब्बर उलटं. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन (पंखामागची हलती पट्टी) वर. ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे, नाहीतर घरी. हे सगळं होईपर्यंत कुठून कोण जाणे पण माणसं जमतात, आणि प्रश्न ठरलेले: केवढ्याला पडलं, रेंज किती, कॅमेरा आहे का. कॅमेरा नाही म्हटलं की निम्मे निघून जातात, उरलेले ते पडायची वाट बघत थांबतात.

वाऱ्याच्या तोंडावर सोडलं. विमान लांब जातंय तोवर सगळं सोपं असतं, आपल्याकडे वळलं की डावं उजवं उलटं होतं, तेव्हा डोकं चालवायचं नाही, जो पंख खाली झुकला तिकडे स्टिक द्यायची. विमान पाठीवर घेतलं की एलिव्हेटरही (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) उलटा, वर ठेवायला स्टिक पुढे ढकलायची. तोंडाला कोरड पडलेली असते, आणि नेमकं तेव्हाच खांद्यामागून:

"फवारणी होती का यानं?"

शेजारच्या ज्वारीचे आजोबा, हातात गोफण.

"नाही आजोबा."

"मग काय हुतं?"

"उलटं उडतं."

आजोबांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "मग माझी पाखरं तरी हाकल." ज्वारीत दुसरं कुणी नव्हतं, कणसं भरलेली, म्हटलं चला, एकदाचा काहीतरी उपयोग. बांधाच्या कडेनं एक पास मारला तर राघूंचा अख्खा थवा उठला. आता म्हातारं खूश होणार म्हणून जोशात येऊन पुढचा पास पाठीवरनं काढला, इतका सरळ की मलाच खरं वाटेना.

"आरं," आजोबा म्हणाले, "उलटं कशाला करतूस? ती सरळच्यालाबी भितात की."