‘ब्रशचे सल्ले देणं सोपं असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

फिट्सच्या औषधाने मुलांच्या हिरड्या वाढतात, त्यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: “ब्रशचे सल्ले देणं सोपं असतं. असं मूल घरात असतं तर कळलं असतं. लेसरने हिरडी कापली की विषय संपतो, त्याचा साधा उल्लेखही नाही. उगाच डॉक्टरांची री ओढता.”

लेसरचा उल्लेख राहिला, मान्य. त्याने रक्त कमी जातं, हा फायदा आहेच. डॉक्टरांची री वगैरे सोडून देते.

पण ‘असं मूल घरात असतं तर’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? ओळख ना पाळख, आणि थेट घरावर घसरलात! माझा धाकटा भाऊ फेनिटॉइन या फिट्सच्या औषधावर वाढला. आधी पुढच्या दातांच्या फटींतली हिरडी फुगली, मग निम्मे दात झाकले गेले. ब्रश दिसला की तो तोंड घट्ट मिटायचा. आई त्याचं डोकं मांडीवर घ्यायची, गाल आणि दातांच्या मधून बोट सरकवून ओठ बाजूला धरायची आणि ब्रश मी फिरवायचे. पेस्ट नाही, नुसता ओला ब्रश, कारण त्याला थुंकता यायचं नाही. रोज रात्री हेच. कधी तो रडायचा, कधी आई. हे सोपं होतं असं मला तरी कुणी सांगू नये.

आणि त्याची हिरडी कापलीही होती, पूर्ण भूल देऊन. परत वाढली. औषध तेच राहिलं आणि दातांवर चिकट थर साचत राहिला, तर ब्लेडने कापा नाहीतर लेसरने, ती पुन्हा वाढू शकते. या औषधाचा हा परिणाम १९३९ पासून नोंदलेला आहे, ते घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांत दिसतो. म्हणून तर लिहिलं होतं, की गोळी बदलता येईल का हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, फिट्स उसळतात.

कापूच नका, असं मी कुठे म्हटलंय? चावता येत नसेल, नवा दात हिरडीखाली अडकला असेल, तर कापावीच लागते. लेखात ते आहे, वाचायची तसदी घ्या.

पुन्हा लिहाल तेव्हा मूल कोणत्या औषधावर आहे ते लिहा, त्यावर जरूर बोलू. माझ्या घरात काय होतं आणि काय नव्हतं, ते तुम्ही ठरवू नका.