१ जूनचं रक्त १३ जुलैपर्यंत

मुदत संपलेल्या रक्ताच्या पिशव्या फेकल्याची बातमी आली की महाराष्ट्रात ठरलेला वाद सुरू होतो: चूक रक्तकेंद्राची की रुग्णालयाची? इंग्लंडमधून बघताना मला शिबिराची तारीखच जास्त संशयास्पद वाटते.

समजा, १ जूनला महाशिबिर झालं (शाळेच्या दाखल्यावर निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस तोच, साहेबांचाही असेल). ५०० पिशव्या जमल्या. सॅगएम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणातल्या लाल पेशी २ ते ६ अंशांत ४२ दिवस चालतात, म्हणजे १३ जुलैपर्यंत. त्या दात्यांतल्या पुरुषांना ९० दिवसांनी, ३० ऑगस्टला, पुन्हा रक्त देता येतं. स्त्रियांना १२० दिवसांनी. मधले सात आठवडे फ्रीज रिकामा आणि दातेही बाद. प्लेटलेट्सची मुदत तर जेमतेम ५ दिवस. त्यात रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं मोजकी. रांगेत राहिलेली पिशवी फ्रीजमध्ये गेली की तिच्यातल्या प्लेटलेट्सवर पाणी सोडायचं.

इंग्लंडमध्ये त्याच द्रावणातल्या पेशींना ३५च दिवस देतात. तरी निभतं, कारण दाते वेळ ठरवून, वर्षभर विखरून येतात आणि साठा ‘किती दिवस पुरेल’ असा मोजतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो दोन दिवसांच्या खाली जाणार असं दिसताच पहिल्यांदा अंबर इशारा, म्हणजे साठा आटत असल्याचा इशारा, दिला गेला. कारणांत कर्मचाऱ्यांची टंचाई होती, तेव्हा इथलं सगळंच आदर्श मानायला नको.

उचलण्याजोगी गोष्ट आहे राखीव पिशव्यांची. आपल्याकडे शस्त्रक्रियेसाठी चार पिशव्या क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का ते तपासून) ७२ तास अडवतात, लागत एकही नाही. असं तीनदा झालं की पिशवीचे नऊ दिवस गेले. इथे इंग्लंडमध्ये अनेक रुग्णालयांत रुग्णाचा रक्तगट दोनदा तपासलेला आणि अँटीबॉडी चाचणी निगेटिव्ह असली, की प्रत्यक्ष क्रॉसमॅच न करता संगणकावरूनच काही मिनिटांत पिशवी मिळते. अडवायची गरजच नाही. संगणक नसला तरी राखीव वेळ २४ तासांवर आणता येतो.

तालुक्याच्या साठवण केंद्रात ‘असू देत’ म्हणून ठेवलेल्या ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या मुदतीचे १४ दिवस उरले की मूळ रक्तकेंद्रामार्फत मोठ्या रुग्णालयाकडे वळवाव्यात. रक्तकेंद्रांना आपसात साठा हलवायची परवानगी २०१५ पासून आहे. फक्त पेटीत बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा घाला. बर्फ थेट टेकला तर पेशी गोठून फुटतात आणि वाचवायला निघालेली पिशवी वाटेतच बाद होते.