काड्यांच्या पोस्टवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

काडेपेटीतल्या काड्या मांडून चौथीच्या मुलांना संख्यांचे पॅटर्न कसे दाखवायचे, या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. तुम्ही लिहिलंय, 'पाढे पाठ असले की असले चोचले लागत नाहीत. १, २, ४ नंतर ७ पण येतो आणि ८ पण, मग उत्तर एकच कसं? चौथीत बीजगणित घुसवून स्वतःची हुशारी दाखवायचीये का?'

मतभेद असू द्या हो, पण अनोळखी माणसाशी पहिलंच बोलणं हे असं? माझ्या घरी आला असतात तर निदान चहा होईपर्यंत तरी थांबला असतात ना. बरं, पोस्ट फार लांबली आणि फोटो अंधारात काढलेत, हे मान्य. तेवढं तुमचं बरोबर.

आता पाढे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी माझ्याकडून तीसपर्यंत पाढे तर घेतलेच, वर पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढेही सगळे घोकून घेतले, त्यामुळे पाढ्यांचं महत्त्व कृपया मला सांगू नका. एवढं सगळं तोंडपाठ असूनही शाळेत बीजगणितातला एक्स आला आणि मी गार पडलो. गणितं सोडवायचो, पण तो एक्स तिथे कशाला बसलाय हे काही केल्या कळायचं नाही.

काड्यांचं बघा, पोस्ट नीट वाचली असती तर दिसलं असतं. एक चौकोन करायला ४ काड्या, त्याला चिकटून दुसरा केला की ७, मग १०, मग १३. 'दर वेळी ३ वाढतात' हे सगळीच पोरं सांगतात, पाढे येवोत न येवोत. मग विचारायचं, १० चौकोनांना किती? ३१. आणि २० ना? इथे पाढेवाली पोरं सगळ्यात आधी हात वर करतात आणि सांगतात ६२! दुप्पट केलं की झालं. उत्तर ६१ आहे सर, कारण दहा-दहाच्या दोन रांगा जोडल्या की मधली काडी दोघांत एकच लागते. हे पाढ्यात कुठे सापडणार?

आणि खरी मजा पुढेच आहे. एकजण म्हणतो सुरुवातीची एक उभी काडी ठेवा आणि प्रत्येक चौकोनाला ३ द्या. दुसरी म्हणते पहिल्याला ४, बाकीच्यांना ३-३. तिसरा वरच्या आडव्या मोजतो, खालच्या मोजतो, मग उभ्या, त्या चौकोनांपेक्षा एकाने जास्त. तिघांचं बोलणं वेगळं आणि १०० चौकोनांना तिघांचंही उत्तर ३०१. का, यावर पोरं भांडतात, आणि ते भांडण म्हणजेच बीजगणित, त्यात मी एक्स कुठेही लिहिलेला नाही, परत जाऊन बघा. मी फक्त 'चौकोनांची संख्या गुणिले ३, अधिक १' एवढंच म्हटलंय.

१, २, ४ चं म्हणाल तर आधी १, मग २, मग ३ मिळवले की ७ आणि दर वेळी दुप्पट केलं की ८, पण असली शंका कॉलेजात काढा, चौथीच्या वर्गात नको. मला त्यात वेळ घालवायचा नाही.

हुशारी दाखवण्याबद्दल मात्र बोलतोच. देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर मास्तर आकड्यांशी खेळायचे तेव्हा त्यांनाही नावं ठेवणारे होतेच. त्यांचा ६१७४ चा खेळ घ्या. ३५२४ घेतला, अंक उतरते लावले ५४३२, चढते २३४५, वजाबाकी ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आला ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच येते. हातच्याच्या एवढ्या वजाबाक्या छडी घेऊन करून दाखवा बरं पोरांकडून, तेही न कुरकुरता.

पुढची पोस्ट १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्यांवर आहे. वाचायची सक्ती नाही, आणि वाचलीत तर शेवटपर्यंत वाचून मग लिहा.