खोंड आला गोठ्याला

सात गाई, दोन कालवडी आणि मी, असा आमचा संसार बरा चालला होता. म्हणजे चालवत त्या होत्या, मी शेण काढत होतो. मग गाई एकामागून एक उलटायला लागल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागल्या. माज, म्हणजे गाय वळूला तयार असते तो काळ, टिकतो जेमतेम 12 ते 18 तास, आणि त्यातले नेमके कामाचे तास मी घोरत असायचो. एकदा हुकला की पुन्हा 21 दिवस वहीकडे बघत बसा. शेवटी म्हटलं, ज्याचं खातं त्याच्याकडे द्यावं. दीड वर्षाचा खोंड आणला.

गाडीतून उतरतानाचा रुबाब काय सांगू! मान फुगवून डुरकला, पुढच्या पायानं माती उकरून स्वतःच्याच पाठीवर उडवली. चंद्री, आमची सगळ्यांत थोरली गाय, बसून रवंथ करत होती. तिचा जबडा थांबला. उठली, सावकाश चालत गेली आणि त्याच्या बरगडीत एक ढुशी ठेवून दिली. साडेतीनशे किलोचा ऐवज थेट माझ्या पाठीमागे आडोशाला!

महिनाभर बिचारा सगळ्यांत शेवटी वैरणीला तोंड लावायचा. एकदा तर गाईचं मूत हुंगून वरचा ओठ उलटा वळवून आभाळाकडे बघत राहिला. मला वाटलं, पेंड बाधली. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "अहो, माज तपासतोय तो." मी वही-पेन घेऊन जे चार वर्षं चुकवत आलो, ते हा ओठानं करत होता.

कालवडी मात्र वेगळ्या ठेवाव्या लागल्या. नऊ महिन्यांच्या पोरी त्या. अंग भरायच्या आत गाभण राहिल्या तर विताना जिवावर बेतायचं. हे त्याला कोण समजावणार? मी कुंपण बांधायचं, त्यानं मानेनं ते जोखायचं. रात्रीची झोप मिळावी म्हणून वळू आणला होता, हे विसरू नका.

हळूहळू त्याला अंग सुटलं, धीर आला. एका सकाळी तो माझ्यासमोर छान आडवा उभा राहिला, मान वाकवलेली, पाठ ताणलेली. मी कौतुकानं फोटो काढले. तिसऱ्या फोटोच्या वेळी मी गव्हाणीत होतो. जनावर आडवं उभं राहून आपला आकार दाखवतं ते धमकावण्यासाठी, हे मला गव्हाणीतच उमगलं. डॉक्टरांनी वर दम भरला, "त्याला पाठ दाखवायची नाही. कधीच नाही."

आता वहीत सहा गाईंपुढे गाभणपणाच्या 283 दिवसांचा हिशोब लागलाय. राहिली चंद्री. ती दर 21 दिवसांनी माजावर येते, हंबरून गोठा डोक्यावर घेते, खोंडाकडे रोखून बघते. आणि हा पठ्ठ्या गुपचूप माझ्या पाठीमागे येऊन उभा राहतो. मी वळलो की तोही वळतो.