गाडीत काही अर्थ नाही

उजवा इंडिकेटर दिला की मागचे दोन्ही टेललाइट मंद मंद लुकलुकायचे, ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा बाण हळूच डोळा मारायचा आणि हॉर्न वाजवला की चालता वायपर काचेच्या मध्यावर येऊन थबकायचा, कुणी मागून हाक मारल्यासारखा. पस्तीस वर्षांची फोर बाय फोर म्हटल्यावर एवढं चालायचंच असं म्हणून मी गप्प होतो. पण सगळ्यात भारी प्रकार काट्यांचा होता. रात्री हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा लालाकडे निघायचा आणि त्याच्याबरोबर डिझेलचा काटासुद्धा वर चढायचा. म्हणजे दिवे लावल्यावर टाकीत डिझेल वाढतंय! मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण डिझेल वाढलेलं बघून कुणाला संशय येतो का, मी आपला इंजिन तापतंय एवढंच धरून बसलो आणि थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण बदललं, मग सेन्सर. काटा ढिम्म ऐकेना.

मग एक दिवस सेल्फ मारला तर गाडी नुसतीच आवंढा गिळल्यासारखा आवाज करून थांबली. बॅटरी नवी, चार्ज फुल. परत मारला, परत आवंढा. पाच-सहा वेळा झाल्यावर जळका वास यायला लागला म्हणून बॉनेट उघडलं तर अॅक्सिलरेटरच्या केबलवरचं प्लॅस्टिक मऊ पडलेलं आणि केबल हात लावू देईना इतकी गरम. आता अॅक्सिलरेटरच्या केबलचा आणि सेल्फचा संबंध काय, ती बिचारी पायाने ओढायची तार, तिला विजेशी काय देणंघेणं?

ओळखीचे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी केबल बघितली, मागे जाऊन लुकलुकणारे टेललाइट बघितले आणि हात पुसत म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीत काही अर्थच राहिला नाही."

शेजारी बायको उभी होती. ती म्हणाली, "मामा, हेच मी दहा वर्षं सांगतेय, माझं कोण ऐकतंय."

मामांचं म्हणणं वेगळं होतं. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत आपापल्या रंगीत वायरीतून राजासारखा जातो, पण परत येताना त्याला वेगळी वायर नसते, तो गाडीच्या पत्र्यातून, चॅसीतून (म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यातून) बॅटरीच्या निगेटिव्हकडे येतो. हाच अर्थ, म्हणजे अर्थिंग. त्यात इंजिन बसलेलं रबरच्या माउंटिंगवर, बॉडी चॅसीवर बसलेली तीही रबरच्या बुशवर, आणि रबरमधून करंट जात नाही. म्हणून इंजिन ते चॅसी एक जाड पट्टी आणि बॉडी ते चॅसी दुसरी. इंजिनची पट्टी गेली की सेल्फचा दीड-दोनशे अँपिअरचा लोंढा मिळेल त्या वाटेने घरी निघतो, माझ्याकडे त्याला अॅक्सिलरेटरची केबल सापडली. तेच मागच्या दिव्यांचं. इंडिकेटरच्या करंटला खाली उतरायला जागा नाही, मग तो शेजारच्या टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा शिरून पलीकडच्या दिव्यातून बाहेर पडतो, म्हणून सगळेच अर्धवट पेटतात. "शोधा आता कुठे सुटलाय ते," म्हणाले आणि गेले. मामांना पाठीचा त्रास आहे, गाडीखाली ते जात नाहीत.

पहिला आठवडा मी मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला लावून फसलो. ज्या पट्टीला लावावं तिथे जवळपास शून्य, म्हणजे सगळं ठणठणीत! नंतर कळलं की मीटर चाचणीपुरता चिमूटभर करंट सोडतं, आतली एक तार जरी शाबूत असली तरी तो आरामात जातो, खरी परीक्षा लोड आल्यावर. दोनशे अँपिअर जाताना वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग आडवा आला तरी २ व्होल्ट तिथेच खलास, आणि एवढा बारका रेझिस्टन्स माझ्या मीटरला दिसतही नाही.

मग मीटर व्होल्टवर घेतलं. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच, नाहीतर क्लॅम्पचा घोळ सुटून जातो), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि बायकोला आत बसवलं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर.

"अहो, मारू का?"

"मार!"

"काय?"

"सेल्फ मार!"

"नीट सांगा ना मग."

मीटर ३.१. म्हणजे बारातले तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच लुटले जात होते, अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला असता. बॅटरी ते चॅसी ०.२, ठीक. चॅसी ते इंजिन २.९. सापडला चोर!

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली (पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर दिवसा चांदण्या दिसतात, मी एकदा बघितल्यात) आणि खाली सरकलो. पाठीवर झोपून जुन्या गाडीकडे बघण्यात एक तोटा असा की ती जे काही पस्तीस वर्षं धरून ठेवते ते नेमकं तुम्ही तोंड उघडल्यावर सोडते. चिखल, गंज, वाळकं पान, एक मेलेला किडा. ओढ्यातून किती वेळा गाडी घातली त्याचा सगळा हिशोब माझ्या चष्म्यावर जमा झाला.

चॅसीकडचा बोल्ट हलेना. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी पाना लावला तेव्हा बोल्ट हलला नाही, मीच सरकलो. मग पान्यावर पाइप घालून जोर लावला आणि कर्रर्र करून तो सुटला, पट्टीचं थिंबल (टोकाचं भोकाचं कडं) बाजूला झालं आणि खाली काय दिसलं तर छान, चकचकीत, काळा रंग. गोल वॉशरचा ठसा उमटलेला, बाकी एक ओरखडा नाही.

हा रंग मी मारलेला होता. दोन वर्षांपूर्वी, तीन हात, मधे पॉलिश पेपर घासून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खाली वाकायला लावून दाखवलेला. चॅसी गंजू नये म्हणून मी तिला असं काही गुंडाळलं होतं की करंटलाही आत यायची सोय नव्हती, बोल्टच्या आट्यांमधून जे काही जात होतं त्यावर दोन वर्षं निघाली, मग आटे गंजले. बायकोला हे सांगायचं की नाही यावर मी गाडीखालीच थोडा वेळ विचार केला आणि नाही असं ठरवलं.

पुढे सोपं होतं, म्हणजे दोन दिवस लागले. रंग खरवडून पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवी विणलेली तांब्याची पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. आवळल्यावर, आधी नाही. बॉडीच्या पट्टीचंही तेच. मागच्या दिव्यांची काळी वायर पत्र्याच्या स्क्रूला होती, धरली तर स्क्रूसकट हातात आली. सोलली तर आत तांबं काळं आणि त्यावर हिरवी भुकटी. थोडी कापली, काळीच. आणखी कापली, काळीच. वीतभर आत गेल्यावर कुठे तांबं तांब्यासारखं दिसलं आणि तोवर वायर स्क्रूपर्यंत पोचेना, मग नवीन तुकडा जोडला. डॅशबोर्डमागचा अर्थ एका ढिल्या नटवर लोंबत होता, तो आवळायला अर्धा मिनिट लागला. थर्मोस्टॅट, झाकण आणि सेन्सर बदलायला मला चार महिने लागले होते.

संध्याकाळी बॅटरी जोडली, निगेटिव्ह शेवटी. सेल्फ मारला तर गाडी अशी चटकन सुरू झाली की मीच दचकलो. मीटर ०.२. उजवा इंडिकेटर दिला, फक्त उजवा पेटला. दिवे लावले तरी काटे जागच्या जागी, म्हणजे डिझेलही वाढेना, त्याचं थोडं वाईट वाटलं. हेडलाइट तर इतके लख्ख की इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरच्या भिंतीवर त्यांचे गोल दिसले. डावा गोल भिंतीवर, जिथे हवा तिथे. उजवा भिंतीवर नव्हताच.

बायकोने वर बोट दाखवलं. उजवा हेडलाइट समोरच्या झाडाच्या शेंड्यावर पडला होता, आणि पाखरं कलकलाट करत उठली होती.

"हा आधीपासून असाच आहे का हो?" ती म्हणाली.

मी स्क्रू ड्रायव्हर आणायला आत गेलो.