सागाच्या बाजूने, कोथरूडहून

आईचे गुडघे दुखले नसते, तर जपानमधील महिलांच्या व्यावसायिक व्हॉलीबॉलशी माझा काडीचाही संबंध आला नसता. टोकियोला जाऊन आलेल्या मेव्हण्याने तिच्यासाठी सालोनपास नावाच्या चिकटपट्ट्यांचे एक पाकीट आणले, आणि ही पट्टी किती वेळ लावून ठेवायची हे शोधून काढण्याचे काम, घरातला सर्वांत रिकामटेकडा माणूस या नात्याने, माझ्याकडे आले. शोधता शोधता कळले की १९३४ पासून या पट्ट्या विकणाऱ्या हिसामित्सु कंपनीचे बस्तान क्यूशू बेटावर, सागा प्रांतातल्या तोसु या गावी आहे, आणि या कंपनीचा महिलांचा व्हॉलीबॉल संघही आहे. दुखण्यावरची पट्टी विकणाऱ्याने, माणसे तासन्‌तास लाकडी फरशीवर स्वतःला आपटून घेतात असाच खेळ पोसावा, यातली व्यापारी दूरदृष्टी मला इतकी भावली की पट्टीची वेळ पाहायची राहून गेली आणि मी त्या संघाचा एक सामना पाहत बसलो. संध्याकाळी आईने विचारले, ‘‘मग, केव्हा काढायची?’’ मी म्हणालो, ‘‘पाचवा सेट झाला की.’’

संघाचे पूर्ण नाव सागा हिसामित्सु स्प्रिंग्ज. मी सागाच्या बाजूचा आहे असे आईला सांगितले, तेव्हा तिला ‘सांगा’ असे ऐकू आले आणि ती बराच वेळ मी काय सांगतो याची वाट पाहत बसली.

जपानमध्ये असे संघ कंपन्यांनीच वाढवले आहेत. ओसाका मार्व्हलसच्या मागे तंबाखूची कंपनी आहे, सैतामा आगेओ मेडिक्सच्या मागे इस्पितळांचा समूह आहे, इशिकावा प्रांतातल्या ब्लू कॅट्सच्या मागे कागदपत्रांचे स्कॅनर बनवणारी कंपनी आहे. म्हणजे एखाद्या शनिवारी तंबाखू विरुद्ध इस्पितळ असा सामना होतो आणि तंबाखू जिंकते. रीत जुनी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या ज्या मुलींना ‘पूर्वेच्या चेटकिणी’ म्हणत, त्यांतल्या बहुतेक ओसाकाजवळच्या काइझुका येथील निचिबो कापडगिरणीच्या कामगार होत्या. दिवसा गिरणीत काम आणि मग रात्री उशिरापर्यंत दाइमात्सु हिरोबुमी या प्रशिक्षकाच्या हाताखाली जमिनीवर लोळण घेत चेंडू उचलण्याचा सराव, असा त्यांचा दिनक्रम असे. आपल्या गिरणगावातल्या कबड्डी संघांची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे. त्या अंतिम सामन्याला टोकियोच्या परिसरात दूरचित्रवाणीवर ६६.८ टक्के प्रेक्षकवर्ग लाभला होता. आमच्या घरात आम्ही तिघे असल्यामुळे तो आकडा तेहतीस टक्क्यांच्या वर जात नाही. आई सोफ्यावर बसल्या बसल्या डुलकी घेत असेल, तर तिला धरून सहासष्टापर्यंत नेता येतो.

आता अडचणीकडे वळतो. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले सामने बहुधा शनिवारी आणि रविवारी दुपारी एक-दोनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे पुण्यात सकाळी साडेनऊ ते साडेदहा. युरोपातला फुटबॉल पाहणाऱ्यांना लोक मध्यरात्री जागतात म्हणून सहानुभूती तरी दाखवतात. माझ्या वाट्याला आठवड्यातली नेमकी ती वेळ आली, जेव्हा रद्दीवाला येतो, गॅसचा सिलिंडर येतो, भाजी आणायची असते, पंखे पुसायचे असतात आणि सोसायटीच्या टाकीत पाणी का चढत नाही हे बघायला कुणीतरी गच्चीवर जायचे असते. मध्यरात्री माणूस निदान घरच्यांच्या दृष्टीआड असतो; साडेनऊला तो सोफ्यावर, हातात पोह्यांची बशी घेऊन, सगळ्यांना दिसेल असा बसलेला असतो.

त्यात या खेळाचा स्वभाव आड येतो. जपानी महिलांच्या संघांचा बचाव असा चिवट आहे की आता चेंडू पडलाच म्हणून मी खुर्चीतून अर्धा उठतो, तोच कुणीतरी मुलगी तीन यार्ड सूर मारून हाताच्या पालथ्या पंजाने तो वर काढते, आणि मी दाराची घंटा वाजत असताना तसाच अर्धवट उभा राहतो. त्या एका गुणासाठी चाललेल्या फेरीत आमचा सिलिंडरवाला दोनदा परत गेलेला आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे माणूस भाजी निवडू शकतो. इथे सेट पंचवीस गुणांचा, आणि तोही दोन गुणांच्या आघाडीवाचून संपत नाही. त्यामुळे ‘‘पाच मिनिटांत येतो’’ या माझ्या वाक्याला घरात काही किंमत उरलेली नाही.

आणखी एक योजना त्यांनी करून ठेवली आहे. शनिवारी ज्या संघाशी सामना, रविवारी त्याच मैदानावर पुन्हा त्याच संघाशी. शनिवारी ०-३ असा पराभव झाला की माझा तो दिवस जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुली, त्याच जाळ्यापलीकडून, तेच फटके मारताना पुन्हा पाहाव्या लागतात. एका नातेवाइकाकडे अपमान झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडेच जेवायला जाण्यासारखे हे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या व्ही-लीगच्या, म्हणजे जपानमधल्या या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, वरच्या स्तराचे एसव्ही-लीग असे नामांतर झाले. ते ‘एस’ स्ट्राँग, स्प्रेड आणि सोसायटी या तीन शब्दांचे असल्याचे सांगितले गेले, आणि २०३० पर्यंत ही जगातली सर्वोत्तम लीग करायची असा संकल्पही जाहीर झाला. त्या पहिल्या मोसमात महिलांचे चौदा संघ होते आणि प्रत्येकाला प्राथमिक फेरीत चव्वेचाळीस सामने. सगळे मिळून तीनशे आठ सामने झाले. एका बाजूच्या चव्वेचाळिसांचाच हिशेब मी पत्नीसमोर मांडला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पंखे असेच राहणार तर.’’

प्रत्यक्ष सामना पाहायला मिळण्याआधी नावनोंदणी नावाचे एक प्रकरण असते. एका जपानी संकेतस्थळावर मी सदस्य व्हायला गेलो. (नाव सांगत नाही, दोष त्यांचा होता की माझ्या आडनावाचा, याचा निर्णय अजून झालेला नाही.) तेथे नाव काताकाना लिपीत लिहिण्याची सक्ती होती. त्या लिपीत ‘ल’ नाही आणि जोडाक्षर सहजी होत नाही, त्यामुळे गोडबोले या आडनावाचे ‘गोदोबोरे’ झाले. पुढच्या रकान्यात सात आकड्यांचा पिनकोड हवा होता. आपला सहा आकड्यांचा. शेवटी एक शून्य जोडून पाहिला, तर माझा पत्ता सापडत नसल्याचे अत्यंत नम्र शब्दांत कळवण्यात आले. त्याखाली प्रांतांची यादी होती. सत्तेचाळीस प्रांत, होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत. मी ती दोनदा वर-खाली केली. का, ते माहीत नाही, पण महाराष्ट्र कुठेतरी असेल अशी एक वेडी आशा मला होती. अखेरीस परदेशस्थांसाठीची एक वेगळी सोय सापडली आणि तिने, पैसे घेऊन, मला गोडबोले म्हणून स्वीकारले.

जपानी वाचता येत नसल्यामुळे संघाच्या बातम्या मी यंत्राकडून मराठीत करून घेतो. यंत्र विशेषनामांचाही अर्थ लावते. आमच्या संघातली उंच मध्यरक्षक आराकी आयाका. तिच्या आडनावातल्या चिन्हांचा अर्थ रानटी लाकूड असा काहीसा होतो. लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठी ठेवलेली खेळाडू, निशिमुरा मानामी, तिच्या आडनावाचा अर्थ पश्चिमेचे गाव. ओसाकाची हायाशी कोतोना म्हणजे जंगल. त्यामुळे एका सोमवारी सकाळी मी वाचले ते असे: ‘जंगलाचा जोरदार फटका पश्चिमगावाने उचलला आणि ओबडधोबड लाकडाने सामना संपवला.’ आमच्याकडे डोंगरे, राने आणि वडगावकर सुखाने नांदतात, त्यांचे भाषांतर कुणी जपानी माणूस कसे वाचत असेल, हा विचार त्यानंतर माझ्या मनातून गेलेला नाही.

बरे, नावे पाठ केली तरी सुटका नाही, कारण मैदानावर त्या मुली एकमेकींना त्या नावांनी हाक मारत नाहीत. जपानी महिला व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येकीला एक ‘कोर्टनेम’ असते, एखाद-दोन अक्षरांचे, घाईत ओरडता येईल असे, आणि पुष्कळदा ज्येष्ठ खेळाडूंनी ठेवलेले. त्याचा मूळ नावाशी संबंध असेलच असे नाही. पहिले दोन महिने मला वाटत होते की संघात अशा काही खेळाडू आहेत ज्या फक्त ऐकू येतात, दिसत नाहीत. हे आईला सांगितले, तर तिला त्यात काहीच नवल वाटले नाही. ज्यांच्या लग्नपत्रिका आल्यावरच खरी नावे कळली, अशा आमच्या घरातल्या बंड्या, छोटू आणि ताईची तिने यादीच म्हणून दाखवली.

आईने या खेळातली एकच गोष्ट मनापासून उचलली. सर्व्हिस होताना प्रेक्षक एका सुरात ‘‘सोऽरे!’’ असे ओरडतात. आईला ते ‘‘सोड रे!’’ असे ऐकू येते, आणि मुलगी चेंडू उंच फेकून मारते त्याच क्षणी ते ओरडले जात असल्यामुळे, आपल्याला ऐकू आले तेच बरोबर आहे याबद्दल तिची खात्री आहे. ‘‘एवढे सगळे सोड रे म्हणतात म्हटल्यावर सोडणारच ना ती,’’ असे तिचे म्हणणे आहे. मी एकदा जपानी शब्द समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि पुढच्या सर्व्हिसला ती पुन्हा ‘‘सोड रे’’ म्हणाली.

पत्नीचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेले. खेळाडू जमिनीवर घसरली की तिच्या घामाचा ओघळ राहतो. तो पुसायला बाजूला मुले-मुली फडकी घेऊन टपून बसलेली असतात आणि दोन सर्व्हिसच्या मधल्या चार-पाच क्षणांत ती धावत येऊन, गुडघ्यावर बसून, फरशी लख्ख करून परत जातात. सामना कुणी जिंकला हे पत्नीने आजवर विचारलेले नाही. ‘‘बघा,’’ ती म्हणते, ‘‘कुणी सांगायला लागत नाही त्यांना.’’ मध्यंतरी कुकरच्या शिट्या तीन झाल्या की चार, यावर आमचा वाद झाला, तेव्हा पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची जी सोय या लीगमध्ये आहे तशी स्वयंपाकघरात असावी असे मी सुचवले. घरात माझे स्थान लिबेरोचे आहे, हे मला त्यानंतर समजले: वेगळ्या रंगाचा शर्ट, आलेले सगळे उचलायचे, आणि जाळ्याच्या वरून फटका मारण्याची परवानगी नाही.

कार्यालयात बोलायला कुणी सापडेल असे वाटले होते. सांगली जिल्ह्यातले एक सहकारी तरुणपणी शूटिंग व्हॉलीबॉल खेळलेले निघाले. मोठ्या आशेने मी त्यांच्यासमोर सागाचे नाव काढले. त्यांनी ‘‘अस्सं?’’ म्हटले आणि पुढचा पाऊण तास त्यांच्या गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत दिव्यांच्या उजेडात त्यांनी कसा फटका मारला होता, तो ऐकवला. फटका चांगला असावा. पण तोसुपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

सकाळी सामना हुकला की संध्याकाळी त्याचे चित्रण पाहायचे, हा मार्ग उरतो, आणि खरा छळ तिथे आहे. निकाल कळू नये म्हणून मी दिवसभर फोन उपडा ठेवतो. चित्रणाच्या आरंभीच्या छोट्या चित्रात कोण हसते आहे हे दिसू नये म्हणून डोळे अर्धे मिटून, अंदाजाने बोट दाबतो. इतके करूनही पडद्याच्या तळाशी चित्रणाची एकूण लांबी लिहिलेली असतेच. एक तास पंचवीस मिनिटे म्हणजे सरळ तीन सेट. अडीच तास म्हणजे पाचवा सेट होणार हे निश्चित. सागाचा संघ पहिले दोन सेट जिंकून तिसऱ्यात चोवीस गुणांवर उभा आहे, सगळे सभागृह उठून टाळ्या वाजवते आहे, आणि मला एकट्याला कोथरूडमध्ये ठाऊक आहे की अजून एक तास दहा मिनिटे शिल्लक आहेत. भविष्य कळणाऱ्या माणसाचे हाल काय होत असतील ते मला त्या डिसेंबरात कळले. शेवटी मी आईच्या पाकिटातली एक पट्टी घेतली आणि पडद्याच्या तळाशी, जिथे ती वेळ दिसते तिथे, चिकटवून टाकली. अगदी चपखल बसली. खोलीभर त्या पट्टीचा वास पसरला. पत्नी दारात येऊन थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, त्याचेही गुडघे दुखायला लागले का?’’

मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाबद्दल मी फार लिहिणार नाही. मुहूर्त रविवारचा, अकरा वाजून सात मिनिटांचा होता, आणि पाचवा सेटही. शेवटचा सेट पंधराच गुणांचा असल्यामुळे तो मंगलाष्टकांच्या आत संपेल, असा माझा हिशेब होता. ‘सावधान’ म्हणण्याआधीच एका माणसाने अक्षता टाकल्याचे चित्रण दोन्हीकडच्या मंडळींकडे आहे आणि ते वारंवार पाहिले जाते.

पहिल्या एसव्ही-लीगचे विजेतेपद अखेर ओसाका मार्व्हलसने एनईसी रेड रॉकेट्स कावासाकीला हरवून मिळवले. तंबाखू पुन्हा जिंकली. अंतिम सामन्यात सागा नव्हते, त्यामुळे मी तो तटस्थपणे, म्हणजे दोन्ही संघ हरावेत अशा इच्छेने पाहिला. आंब्याच्या पेटीतले गवत खोलीभर पसरले होते आणि पट्ट्यांचे पाकीट संपले होते. आईच्या वाट्याला त्यातल्या अर्ध्याच आल्या होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी बरोबर साडेनऊला पत्नीने मला ओले फडके आणि स्टूल दिले. आई सोफ्यावरून उठली, बंद दूरचित्रवाणीकडे पाहत म्हणाली, ‘‘आज नाहीत का रे त्या मुली?’’ आणि स्टूल हलू नये म्हणून धरायला आली. मी वर चढलो. पहिल्या पात्यावर सात महिन्यांची धूळ होती. ती निपटून मी फडके हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात खालून आई मोठ्याने काहीतरी म्हणाली. ते ‘‘सोऽरे’’ होते की ‘‘सोड रे’’, हे मला नीट ऐकू आले नाही. मी सोडले. ते पोह्यांच्या बशीत पडले.