प्लास्टिकच्या फुलांना त्रास नसतो

आज सकाळी आमच्या इमारतीच्या समितीची सूचना वाचली आणि मनस्ताप झाला. प्रवेशद्वारालगतचा फुलांचा वाफा काढून तेथे फरशी बसवली जाणार आहे आणि शोभेसाठी कृत्रिम फुलांच्या कुंड्या ठेवल्या जाणार आहेत. कारण काय, तर 'देखभालीचा त्रास'. ज्या दिवसांत सूर्य उशिरा उगवतो, लवकर मावळतो आणि मधल्या वेळातही सगळे मळकट, करडे दिसत राहते, नेमक्या त्याच दिवसांत हा वाफा पॅन्सी, पिटुनिया, फ्लॉक्स आणि शेवंतीने भरलेला असतो. रोज त्याच्याच समोरून ये-जा करणाऱ्यांना तो दिसतच नसावा, असे आता वाटू लागले आहे.

माझ्या मावशीचे यजमान गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. दुपारीसुद्धा खिडक्यांचे पडदे ओढलेले असत. मी एकाच झाडाच्या फुटव्यांपासून लावलेल्या पिवळ्या शेवंतीच्या दोन कुंड्या तिच्या दाराशी नेऊन ठेवल्या होत्या. कोपऱ्यातली कुंडी बहरली. दारावरच्या दिव्याखालची मात्र नुसती पाने काढत राहिली. मी खत बदलण्याच्या विचारात होते, तर मावशी पडद्याआडून म्हणाली, "अगं, खताचं काय घेऊन बसलीस? तिला रात्र मिळत नाहीये." दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला; मावशीने तो कुठेही वाचलेला नव्हता. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोख लागतो, हे तिने नुसते पाहून ओळखले होते. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बाहेर येऊन त्या कुंडीवर एक जुनी काळी छत्री उघडून बांधू लागली आणि सकाळी ती काढू लागली.

पाणी लागते, माती सांडते, माळ्याला पैसे द्यावे लागतात, हे मान्य. पण ज्या त्रासाचे एवढे भांडवल केले जात आहे, तो असतो तरी किती? सुकत आलेले फूल देठासकट खुडायचे, एवढेच मुख्य काम. ते तसेच राहिले तर रोपाची शक्ती बी धरण्याकडे वळते आणि नव्या कळ्या कमी होतात. छत्री काढायला आलेली मावशी कोपऱ्यातल्या कुंडीतली सुकी फुलेही खुडू लागली, आणि तिच्या बोटांना शेवंतीचा तो उग्र, काहीसा कडवट वास दिवसभर राहू लागला. फुलांनी दुःख हलके होत नाही, असे कोणी म्हणेल. होत नाहीच. तिचेही झाले नाही; परंतु दिवसातून दोनदा दार उघडावे लागेल असे काहीतरी तिच्यामागे लागले, आणि छत्रीखालच्या कुंडीत जवळजवळ दोन महिन्यांनी पहिले फूल उमलले तेव्हा तिने ते मला फोन करून सांगितले. त्याआधी कित्येक आठवडे तिने आपणहून कोणालाही फोन केला नव्हता.

म्हणूनच कृत्रिम फुलांचा मला इतका राग येतो. थंडी वाढली की अनेक फुलांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य अधिक तयार होते आणि त्यांचा जांभळा-तांबडा रंग गडद होत जातो. कॅलेंड्युला तर ढगाळ दिवशी नीट उमलतही नाही, म्हणजे तीही आपल्यासारखीच रुसून बसते. प्लास्टिकला यातले काय कळणार? त्याच्यावर धूळ बसेल, आणि ती पुसण्याचा त्रास मात्र कोणीही घेणार नाही.

याच सूचनेत शेवटी, रात्रभर चालणारे प्रखर दिवे बसवण्याचेही म्हटले आहे. म्हणजे उद्या आमची विनंती मान्य होऊन वाफा वाचला, तरी त्यातली शेवंती फुलायची नाही. मी आक्षेप लेखी देणार आहे. इमारतीतल्या ज्यांना पटत असेल त्यांनी त्याखाली सही करावी, केवळ येथे 'लाइक'चा अंगठा देऊन थांबू नये. आणि तरीही वाफा गेलाच, तर बहर संपल्यावर शेवंतीचे फुटवे मी काढून ठेवीन. ज्यांच्याकडे रात्री खरोखर अंधार असणारा कोपरा आहे त्यांनी ते न्यावेत. पॅन्सीचे बी कृपया मागू नये. फुले वेळच्या वेळी खुडत आल्यामुळे ते फारसे धरलेलेच नाही, आणि जे आहे ते मावशीला द्यायचे आहे.